अर्धा पासवर्ड साडूंचा

मुंबई-गोवा रस्त्यावरच्या सगळ्या कुलपांनी मिळून जेवढी राखण केली नसेल तेवढी एकट्या माझ्या साडूंनी केली, हे मी कुणाहीसमोर पैज लावून सांगायला तयार आहे. आणि मी पैज हरणाऱ्यातला नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, काचेवर फडका मारता मारता स्टिअरिंगपर्यंत पोचलो आणि पुढे महाडच्या बाजारपेठेत स्वतःच्या नावाची ट्रान्सपोर्टची पाटी लावली. या सगळ्या प्रवासात भाड्याच्या बोलीत मला कुणी खाली ओढलेलं नाही. कारखान्यांचे मॅनेजर, गोदामवाले, टायरवाले, सगळ्यांना मी पुरून उरलो. फक्त एका माणसापुढे माझं काही चाललं नाही. त्या माणसाने माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याच कॉम्प्युटरचा पासवर्ड मला शेवटपर्यंत सांगितला नाही. ही तक्रार मी घरात केली, नात्यात केली, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांजवळही केली. सगळे हसतात. म्हणून आता लिहूनच काढतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. राहायला पोलादपूरला. सगळी नोकरी त्यांनी सरकारी ट्रेझरीत काढली. ट्रेझरीच्या तिजोरीला दोन कुलपं असतात, दोन्हींच्या चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दोघंही हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. ही पद्धत साडूंच्या इतकी अंगात भिनली होती की घरातलं लोणच्याचं कपाटही त्यांनी तसंच केलं. एक चावी आक्कांच्या कमरेला, दुसरी यांच्या जानव्याला. साडू बाजारात गेले असले की पाहुण्याला लोणच्याशिवाय जेवावं लागे. घराबाहेर पडताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, पायरी उतरायची, परत चढून ओढून बघायचं. एकदा पोलादपूरहून महाडला येताना यांनी अर्ध्या वाटेत एस.टी. थांबवली. कंडक्टरला वाटलं, माणसाला मळमळतंय. त्याने बिचाऱ्याने लिंबू पुढे केलं. साडू म्हणाले, "लिंबू नको. कुलूप ओढायचं राहिलंय." आणि उतरून उलट्या दिशेच्या गाडीला हात दाखवत उभे राहिले.

फिरायला गेले तरी नजर तीच. आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून एकदा रायगडावर गेलो होतो. पाचाडला पिठलं-भाकरी खाऊन गड चढलो, बाकी सगळी मंडळी पुढे बाजारपेठ, राजसदर बघत गेली आणि साडू महादरवाजापाशीच राहिले. परत उतरलो तेव्हा ते भिंतीतल्या अडसराच्या खोबणीत खांद्यापर्यंत हात घालून उभे होते. चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू. "साडूबुवा, बघा, केवढा अडसर असेल हा! याला म्हणतात बंदोबस्त." शिवथरच्या घळीतही त्यांना पहिल्यांदा आवडलं ते एवढंच की आत यायला वाट एकच आहे. दार मात्र नाही, ही रुखरुख त्यांना घरी येईपर्यंत होती.

त्यांच्या दारावर थाप मारली की आतून आवाज यायचा, "कोण?" आपण म्हणायचं, "मी." लगेच, "मी म्हणजे कोण? 'मी' तर चोर पण म्हणतो." नाव सांगितलं तरी भागत नसे. नाव काय, कुणालाही माहीत असतं. मग एक प्रश्न यायचा. प्रत्येकासाठी वेगळा प्रश्न ठेवण्याचा त्यांचा विचार होता, पण माझा प्रश्न त्यांना इतका आवडला की तोच त्यांनी सगळीकडे लावला. प्रश्न असा: "साडूबुवांच्या लग्नात बिरड्याची आमटी कुणी सांडली आणि कुठे?"

याचं उत्तर असं, की त्यांनीच सांडली आणि माझ्या कोटावर. तो माझ्या आयुष्यातला पहिला कोट. फिक्या बदामी रंगाचा, मुंबईहून शिवून आणलेला. साडू थोरले जावई म्हणून हौसेने पंगतीत वाढायला उठले, वालाच्या बिरड्याची आमटी घेऊन माझ्यापाशी आले आणि तेवढ्यात यांना शंका आली की मागे कोठीचं दार उघडं राहिलं की काय. मान तिकडे, पळी इकडे. हळदीचा तो डाग कुठल्याच धोब्याकडून निघाला नाही. त्याबद्दल या गृहस्थाने कधी "अरेरे" म्हटलं असेल तर शपथ. उलट त्याचा प्रश्न केला! मी फोन केला की पलीकडून विचारायचे, "आमटी कुणी सांडली?" मी दात खाऊन म्हणायचो, "तुम्ही." "कुठे?" "माझ्या कोटावर." "हां. बोला साडूबुवा." आपला डाग आपणच पुन्हा पुन्हा सांगितल्याशिवाय ज्याच्याशी बोलता येत नाही, अशा नातेवाइकाशी मी इतकी वर्षं संबंध ठेवले. माझा राग सगळ्यांना दिसतो, ही सहनशक्ती कुणाला दिसत नाही.

तर त्या कॉम्प्युटरची गोष्ट. दोन हजार सालानंतरचे दिवस. आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनेने कळंबोलीला एक मोठा कॉम्प्युटर बसवला. कुठल्या कारखान्याचा माल कुठे जायचा आहे ते त्यात यायचं आणि आम्ही सभासदांनी आपापल्या गावातून, टेलिफोनच्या तारेवरून, त्या कॉम्प्युटरात शिरून आपला दर टाकायचा. कॉम्प्युटर एकच, शिरणारे आम्ही सगळे. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिलेला, म्हणजे एकाचा दर दुसऱ्याला दिसायला नको. मला हा प्रकार आवडला नव्हता. समोर माणूस नाही, त्याचा चेहरा पडतोय की खुलतोय दिसत नाही, चहा नाही, उठून जायचं सोंग नाही. ही कसली बोली? पण दुनिया तिकडे चालली होती, म्हणून मीही दुकानात कॉम्प्युटर आणला.

पहिल्याच महिन्यात एक प्रकार झाला, त्यात माझी चूक नव्हती. लाईनच खराब होती. मला आत घेईना, म्हणून मी कळंबोलीला फोन लावला. तिकडे यंत्राची देखभाल करणाऱ्या एक बाई होत्या. हुशार आणि शांत. त्या सांगत होत्या, "पासवर्ड पुन्हा नीट टाकून बघा." मी म्हटलं, "नीटच टाकतोय!" आणि त्यांना कळावं म्हणून मी तो एकेक अक्षर करून ओरडून सांगितला. त्या "अहो, सांगू नका, सांगू नका" म्हणत होत्या, पण मला ऐकूच येत नव्हतं. मी आणखी मोठ्याने सांगितला. फोन ठेवून बाहेर आलो तर समोरचा पानवाला मला त्या पासवर्डनेच हाक मारत होता. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या नावाने आत शिरून माझ्या सगळ्या गाड्या श्रीवर्धनची सुकी मासळी उचलायला लावून टाकल्या. शब्द दिलेला, गाड्या पाठवाव्या लागल्या. नंतर कितीतरी दिवस माझी गाडी गेटवर आली की कारखान्याचा वॉचमन नाकाला रुमाल लावायचा आणि मांजरं मागे यायची.

ही बातमी पोलादपूरला पोचायला वेळ लागला नाही, कारण बहिणी-बहिणींचा फोन रोज असे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दुकानाच्या पायरीवर हजर. नुकतेच निवृत्त झालेले, राखायला काही उरलेलं नाही, त्यामुळे जरा वाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी पायातल्या चपला एकमेकींना सुतळीने बांधून ठेवल्या, आत आले आणि म्हणाले, "साडूबुवा, तुमचा स्वभाव चांगला आहे, पण तो आवाजी आहे. हे काम तुमचं नाय."

त्यांनी कळंबोलीच्या बाईंना फोन लावला. आधी त्या बाईच आहेत याची खात्री करून घेतली, ती कशी केली ते विचारू नका, बाईंना आपल्या शाळेच्या हेडमास्तरांचं नाव सांगावं लागलं. बाईंनी समजावलं की पासवर्डपेक्षा पक्की पद्धत आहे. चावी करायची. चावीची एक बाजू तुमच्याकडे फ्लॉपीवर राहील, दुसरी बाजू इकडे यंत्रात कुलपासारखी बसेल, दोन्ही जुळल्या तरच दार उघडेल, शिवाय तुमच्या फ्लॉपीवरच्या चावीलाही वेगळा पासवर्ड लावा. साडूंचे डोळे भरून आले. "म्हणजे डबल लॉक," एवढंच ते म्हणाले. सासरी गेलेली मुलगी बऱ्याच दिवसांनी भेटावी तसा तो आवाज होता.

चावीच्या पासवर्डचे त्यांनी दोन भाग केले. पहिला अर्धा त्यांनी स्वतःकडे ठेवला. दुसरा अर्धा, मला वाटलं, मला देतील. दुकान माझं, यंत्र माझं, गाड्या माझ्या. त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, "धाकटे, जरा इकडे ये." आणि दुसरा अर्धा भाग तिला ठरवायला सांगितला. मी उसळून म्हणालो, "आणि मी कोण इथला?" साडू शांतपणे म्हणाले, "तुम्ही मालक. मालकाकडे चावी नसते. ट्रेझरी सरकारची असते, पण कलेक्टर कधी चावी घेऊन फिरतो का?" बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तिने तिचा अर्धा भाग मला कधीच सांगितला नाही. मी गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं, साडी घेऊन बघितलं. साडी घेतली तिने.

मग रोजचा विधी सुरू झाला. साडू पहिल्या गाडीने पोलादपूरहून यायचे. फ्लॉपी दाढीच्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी पोटाशी. आल्यावर मला बाहेर काढायचे. मग साडू आपला भाग टाईप करायचे तेव्हा बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, बायको तिचा भाग टाईप करायची तेव्हा साडू भिंतीकडे तोंड करायचे. आणि मी, या सगळ्याचा मालक, माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहून रस्ता बघायचो. चवदार तळ्याकडून येणारी-जाणारी माणसं विचारायची, "काय शेठ, बाहेर?" शेजारचे टायरवाले चाचा माझ्या वतीने उत्तर द्यायचे, "आत लॉगिन चाललंय हो. शेठना अजून सोयर फिटलेलं नाय." पेठेत यावर कितीतरी दिवस हसत होते.

यंत्र नुसतं आपल्यालाच ओळखतं असं नाही, आपणही यंत्राला ओळखायचं असतं. आपण जिथे शिरतोय ते कळंबोलीचंच यंत्र आहे की त्याचं सोंग घेऊन दुसरंच कुणी बसलंय, हे कळावं म्हणून यंत्राचा एक ठसा असतो, अक्षरांचा आणि आकड्यांचा, एखाद्या मालगाडीएवढा लांब. आमचे बाकीचे सभासद तो न बघताच 'येस' दाबत. साडूंनी बाईंकडून फोनवर एकेक अक्षर वाचून घेऊन तो ताडून पाहिला. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? पेन्शन न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचे अंगठे ताडायचे. एकदा एक आजी हयातीचा दाखला विसरून आली. साडू म्हणाले, "आजी, दाखला?" आजी म्हणाली, "आता काय दाखला दाखवू रं, मी जित्ती समोर उभी हाय ना!" साडू म्हणाले, "तू उभी आहेस ते मला दिसतंय. सरकारला नाय दिसत." आजीने दिलेल्या शिव्या त्यांनी मान खाली घालून ऐकल्या आणि तिच्यासोबत स्वतः चालत जाऊन दाखला आणून दिला. हेही खरं, ते सांगायला हवं. दार बंद ठेवणारा हा माणूस कुणाला दाराबाहेर उपाशी ठेवत नसे. फक्त आधी खात्री.

आणि मग तो दिवस आला. औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्याचं वर्षभराचं काम निघालं होतं. ते मिळालं तर मी महाडच्या पेठेत मान वर करून चालणार होतो. गेलं असतं तर मासळीवाला म्हणूनच उरलो असतो. दर टाकायची मुदत दुपारी चारपर्यंत. मी रात्रंदिवस हिशोब करून दर काढला होता. जेवण झाल्यावर साडूंनी कॉम्प्युटरवर लॉगिनची काळी खिडकी उघडली, मी सवयीने पायरीवर गेलो, आणि आतून साडूंचा आवाज आला, "हे ते नव्हे!"

धावत आत गेलो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा आला होता की यंत्राचा ठसा बदललाय, सावध राहा.

मी म्हटलं, "दाबा येस."

"नाय."

"अहो, सगळे दाबतायत! चाचांचा पुतण्याही सभासद, त्याने आत्ता दाबलं!"

"साडूबुवा, बघायला गेलो एका मुलीला आणि बोहल्यावर दुसरीच उभी राहिली, तर तुम्ही हार घालाल का?"

"चारचा मुहूर्त असेल तर कुणालाही घालीन!"

"ऐकलं हं मी," भिंतीकडे तोंड करूनच बायको म्हणाली.

दुकानात फोनची लाईन एकच, त्यामुळे साडूंनी आधी कॉम्प्युटरची तार काढली आणि कळंबोलीला फोन लावायला घेतला. तिकडचा नंबर एंगेज. पुन्हा एंगेज. महाराष्ट्रातले सगळे ट्रान्सपोर्टवाले त्याच वेळी त्या एका बाईंना फोन करत असावेत. घड्याळ माझ्या डोक्यावर टकटक करत होतं. मी साडूंना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पेठेतल्या कुणालाही विचारा, सगळ्यांना पाठ आहे. साडू नुसते नंबर फिरवत राहिले. कान लाल झाले होते, पण बोट थांबलं नाही.

शेवटी फोन लागला. साडू म्हणाले, "बाई, ठसा वाचून दाखवा." पलीकडून बाईंनी, अगदी साडूंनीच शिकवल्याप्रमाणे, विचारलं, "आधी तुमच्या खात्याचा प्रश्न. लग्नात आमटी कुणी सांडली आणि कुठे?"

आणि साडू गप्प झाले.

मला वाटलं, लाईन गेली. पण लाईन होती. साडू रिसीव्हर कानाला धरून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मी आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. स्वतःच्याच घराच्या दारात उभं राहून चावी सापडू नये तसं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. "आमटी…" ते म्हणाले, "आमटी ना… थांबा हं बाई…"

मी रिसीव्हर ओढून घेतला आणि जीव खाऊन ओरडलो, "साडूंनी! बिरड्याची! माझ्या कोटावर!" आख्ख्या पेठेने ऐकलं. पानवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाई पलीकडून हसत म्हणाल्या, "बरोबर. आम्ही नवीन यंत्र बसवलंय हो, म्हणून ठसा बदलला. घ्या लिहून." साडूंनी एकेक अक्षर पडद्याशी ताडलं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, मी बाजूला नाचत असतानाही. मग फोन ठेवून कॉम्प्युटरची तार परत जोडली आणि येस दाबलं. मग मला म्हणाले, "आता बाहेर जा." आणि मी गेलो! चार वाजायला आले असताना, एवढं सगळं झाल्यावर, मी निमूटपणे पायरीवर जाऊन उभा राहिलो. दर वेळेत गेला. काम मला मिळालं. संध्याकाळी मी सगळ्या पेठेला भजी खायला घातली आणि चाचांनी जाहीर केलं की शेठचं सोयर फिटलं.

साडू त्या दिवशी भजी खात नव्हते. कोपऱ्यात डबा पोटाशी धरून बसले होते. मला हळूच म्हणाले, "साडूबुवा, मला आठवलं नाय हो." मी म्हटलं, "घाईत होतं असं. मी तर बायकोचं नाव विसरतो." ते हसले. म्हणाले, "आता प्रश्न बदलायला हवा. सगळ्या गावाला कळला." पण बदलला नाही त्यांनी. आम्ही ते सगळं हसण्यावारी नेलं. ती सुरुवात होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे संघटनेचं ते यंत्र बंद झालं, लोक मोबाईलवर भाडी ठरवू लागले. साडूंचं महाडला येणं कमी झालं. फ्लॉपी अजून माझ्याकडे आहे, त्या पत्र्याच्या डब्यात. तिचं आता काही होणार नाही हे मला कळतं. तरी एकदा मी बायकोला म्हटलं, "आता तरी सांग तुझा अर्धा भाग." ती म्हणाली, "भाऊजींना विचारल्याशिवाय नाही." विचारायचं कुणाला? त्यांचा अर्धा भाग त्यांच्याकडूनच हरवला होता.

परवा पोलादपूरला गेलो होतो. आक्का बाजारात गेल्या होत्या. मी दारावर थाप मारली आणि सवयीने वाट बघत उभा राहिलो. आतून "कोण?" आलं नाही. दार ढकललं तर नुसतं लोटलेलं होतं. साडू झोपाळ्यावर बसले होते. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, पण ते कुणाकडेही बघून हसतात तसं.

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. म्हटलं, "विचारा ना."

"काय?"

"आमटी कुणी सांडली?"

ते विचारात पडले. "कुणी?"

"तुम्ही. माझ्या लग्नात."

"मी?" त्यांचा चेहरा एकदम कासावीस झाला. "कुठे सांडली?"

"माझ्या कोटावर. नव्या."

"अरेरे," साडू म्हणाले. मग पुढे वाकून, माझ्या शर्टाकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "डाग गेला का हो?"

तो कोट अजून माझ्या कपाटात आहे आणि डाग पहिल्या दिवसाइतकाच पिवळा आहे.

"गेला," मी म्हटलं. "कधीच गेला."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि झोपाळ्यावर सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "या, आत या. बाहेर का उभे?"

मी आत गेलो. मागे वळून दार लावलं, कडी घातली आणि ती नीट बसली की नाही ते ओढून बघितलं. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.